मागच्या काचेतली पट्टी

रामाकोन्याच्या पोळ्यातला पहिल्या जोडीचा मान यंदाही खवस्यांकडेच राहिला. तोरण तुटलं, टाळ्या पडल्या, दादारावांनी समितीच्या वहीत सही केली, आणि गाडी तोरणाखालून कोणत्या बाजूने गेली याबद्दल घरात पुन्हा अवाक्षर काढायचं नाही असं सर्वानुमते ठरलं.

वरचं काहीही अजून झालेलं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता घरीच बनवलेली कॉर्व्हेट गाडी संत्र्याच्या शेडमध्ये चार सिमेंटच्या विटांवर उभी होती. तिची बॅटरी कुलदीपने काढून सौंसरच्या गॅरेजात नेऊन ठेवली होती. आणि बापूजी व कुलदीप हे बापलेक गाडीच्या मागे उभे राहून एकमेकांशी उर्वशीमार्फत बोलत होते.

"तुह्या बाबाले सांग," बापूजी म्हणाले, "का पट्टीले हात लावशीन तर माह्या हाताले हात लावला असं समजीन."

"तुह्या आजोबाले सांग," कुलदीप म्हणाला, "का मी ग्राइंडर आणला आहे. दोन मिनिटाचं काम आहे."

दोघांमध्ये तीन फुटांचं अंतर होतं. उर्वशी सौंसरला लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं काम करायची, त्यामुळे दोन पक्षांचं म्हणणं ऐकून योग्य त्या रकान्यात टाकायची तिला सवय होती. तिने दोन्ही निरोप पोहोचले असं मानून घेतलं.

भांडण पट्टीचं होतं. गाडीच्या मागच्या काचेच्या बरोबर मधून, छपरापासून शेपटीपर्यंत चार बोटं रुंद कणा उतरत होता आणि काचेचे दोन तुकडे करत होता. बापूजींच्या मते त्या कण्यासाठीच बाकीची गाडी होती. कुलदीपच्या मते त्या कण्यामुळे मागे बैल आहे, माणूस आहे की म्हैस आहे, हे आदळल्यावरच कळणार होतं.

कॉर्व्हेटची कथा ऐकल्याशिवाय या घरात कोणी पोटभर जेवलेलं नाही. एकोणीस वर्षांचे बापूजी संत्र्याच्या गाडीसोबत नागपूरला गेले, रद्दीवाल्याकडून एक अमेरिकन मासिक घेऊन आले, आणि तेव्हापासून कथा चालू आहे. ती त्रेपन्न सालापासून सुरू होते. कंपनी तीनशे गाड्या हाताने बनवते. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. अंग पत्र्याचं नाही, काचेच्या धाग्यांचं. पण इंजिन सहा सिलिंडरचं, गियर दोनच, आणि दाराला बाहेरून मूठच नाही. आत हात घालून उघडायचं. पुढच्या वर्षी साडेतीन हजारांवर गाड्या बनतात आणि त्यातल्या हजारावर तशाच पडून राहतात. कंपनी म्हणते, बंद करा हे खूळ. इथे बापूजी घोटभर पाणी पीत. मग पंचावन्नला आठ सिलिंडरचं इंजिन येतं आणि गाडीत जीव येतो. कुलदीपची बायको सुचिता, तिचे वडील मुलीसाठी स्थळ पाहायला आले होते तेव्हा त्यांना शेती किती हे नंतर कळलं, आठ सिलिंडर आधी कळले. कथा त्रेसष्ट साली संपते. टोकदार नाक, पोटात लपणारे दिवे, आणि मागच्या काचेत कणा. मासिक त्याच वर्षाचं होतं, त्यामुळे पुढे काय झालं हे कथेत नव्हतं.

पुढे काय झालं हे उर्वशीला ठाऊक होतं. कॉलेजात असताना तिने मोबाइलवर वाचलं होतं. त्या पट्टीवरून खुद्द कंपनीतच भांडण झालं होतं. गाडीचं रूप काढणारा म्हणे पट्टी राहील. गाडी चालवून पाहणारा इंजिनियर म्हणे मागचं दिसत नाही. चौसष्ट साली कंपनीने पट्टी काढून टाकली. एका वर्षात. हे कुलदीपला कळलं असतं तर ग्राइंडर कधीच चालू झाला असता. म्हणून उर्वशी चार वर्षं गप्प होती.

"मामाजी बरोबर म्हणून राहिले," सुचिता दारातून म्हणाली. ती परातीत कणीक घेऊनच आली होती. "बारा वर्षं त्यायनं मातीचा साचा केला, त्याच्यावर ते रेझिन थापलं, सारं घर त्या वासानं खोकललं. आता शेवटच्या दिवशी कापता?"

"तू कोणाची बायको आहेस?" कुलदीपने विचारलं.

"त्याचा इथं काय संबंध?"

"कापू दे त्याले," कुलदीपची आई देवकाबाई म्हणाल्या. त्या खाटेवर बसून बैलांच्या जुन्या घुंगरमाळा पुसत होत्या. "तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मान वळत नाही, अन् मारोतीपाशी रस्ता संपते. बैल जागच्या जागी फिरते. हे फिरन का? मागं आणा लागन. कोणाच्या अंगावर आणसान?"

म्हणजे सासू मुलाकडे, सून सासऱ्याकडे. उर्वशी कोणाकडेच नव्हती, म्हणून सगळे तिच्याकडे पाहत होते.

तेवढ्यात दादाराव आले. दादाराव पोळा समितीचे अध्यक्ष होते आणि पहिल्या जोडीच्या मानासाठी रांगेत दुसरे होते, चाळीस वर्षांपासून. खवस्यांची शेवटची जोडी, सुभेदार आणि वकील, म्हातारपणाने गेली. घरात ट्रॅक्टर आला. मागच्या पोळ्याला कुलदीपने मोहगावच्या मावसभावाची जोडी घरची म्हणून आणली होती. दादारावांनी एका बैलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली आणि बैलाने वळून पाहिलं. त्यानंतर समितीने ठराव केला: जोडी घरचीच पाहिजे. ट्रॅक्टर चालणार नाही. जोडी म्हणजे दोन आणि मधे जू.

"गाडीचं काही लिहिलं नाही," बापूजींनी आषाढातल्या सभेत म्हटलं होतं. "माह्या गाडीले मागून दोन काचा हायेत. अन् मधी जू हाय."

सभा इतकी हसली की दादारावांनी हसता हसता 'मान्य' असं लिहून सही केली. आता ते त्याच सहीवर विचार करत शेडभोवती फिरत होते.

"पट्टी आहे तोवर जोडी," ते ग्राइंडरकडे पाहत प्रेमाने म्हणाले. "पट्टी गेली का मंग एकटा बैल. एकटा बैल पोळ्यात येत नाही, कुलदीप. पण तू इंजिनवाला माणूस, तुले सेफ्टीचं जास्त समजते. मी तर म्हणतो, काप."

दादारावांनी जाता जाता देवकाबाईंना नमस्कार केला. "वहिनी, उद्या तुमच्यासाठी खुर्ची ठेवून राहिलो. पहिल्या रांगेत. बसून पाहा आरामात, आमची जोडी जाईन तवा."

देवकाबाईंनी घुंगरमाळ खाली ठेवली. लग्न होऊन आल्यापासून एकोणसाठ पोळे त्यांनी पहिल्या जोडीला ओवाळलं होतं. खुर्चीत बसून एकही नाही.

"कुलदीप," दादारावांची पाठ वळल्यावर त्या म्हणाल्या, "बॅटरी आण."

"आई, आत्ता तूच म्हटलं..."

"मी काय म्हटलं ते मले सांगू नको. बॅटरी आण."

त्याच क्षणी सुचिताने पक्ष बदलला. सासू आणि आपण एका बाजूला, हे तिला पंचवीस वर्षांत कधी जमलं नव्हतं आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी नवीन सवय लावून घ्यायची तिची तयारी नव्हती. "पण हे म्हणतात तेही खरं आहे, आत्याबाई," ती म्हणाली. "गर्दी असते. कोणाले लागलं तर?"

कुलदीप कितीतरी वेळ पट्टीकडे पाहत राहिला. पंप दुरुस्त करता करता त्याच्या बोटांत कायमचं काळं ग्रीस बसलं होतं आणि त्यातलं एक बोट तो पट्टीवरून फिरवत होता. उर्वशीला वाटलं, आता तो काहीतरी बोलणार. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि ग्राइंडरची वायर गुंडाळायला घेतली.

"तुह्या आजोबाले सांग," तो म्हणाला, "बॅटरी आणतो. पण स्टिअरिंगवर उर्वशी बसन. अन् पट्टीपायी काही झालं तर मी बोलणार."

"तुह्या बाबाले सांग," बापूजी म्हणाले, "बोलाले कोणी मना केलं?"

संध्याकाळी खांदेमळणी झाली. बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावून शेकतात, उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. देवकाबाईंनी गाडीच्या चारही चाकांवरच्या फुगवट्यांना लोणी-हळद लावली, पळसाच्या पानाने शेकली, आणि कॉर्व्हेटला पुरणपोळीचं आवतण दिलं. कॉर्व्हेट काही बोलली नाही, पण सुभेदारही कधी बोलला नव्हता.

सकाळी सगळं घर इंजिनाभोवती गोळा झालं, म्हणून सजावट एकट्या देवकाबाईंनी केली. हार, घुंगरमाळा, भरजरी झूल आणि बाशिंग. इंजिन जुन्या जीपचं होतं, सिलिंडर चारच. 'आठाचं पुढच्या वर्षी पाहू,' असं बापूजी बारा वर्षांपासून सांगत होते. बॅटरी जोडली, इंजिन खोकललं, मग लागलं. सुचिताने तोंडावर पदर घेतला. गाडी विटांवरून उतरली. उर्वशी डाव्या बाजूच्या स्टिअरिंगवर बसली, कारण मासिकातल्या फोटोत ते डावीकडे होतं, आणि तिने पहिला गियर टाकला.

कॉर्व्हेट मोठ्या डौलात मागे गेली आणि संत्र्याच्या रिकाम्या क्रेटांच्या थप्पीत शिरली.

"पहिला टाक म्हटलं!" कुलदीप ओरडला.

"पहिलाच टाकला, बाबा!"

"मंग दुसरा टाक!"

दुसऱ्याने ती आणखी जोरात मागे गेली. क्रेट संपले, भिंत आली, आणि उर्वशीने ब्रेक दाबला.

कुलदीप गाडीखाली शिरला. दहा मिनिटं त्याच्या नुसत्या चपला दिसत होत्या. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा शाळेत पाटी फुटलेल्या पोरासारखा होता. गाडीचा सांगाडा त्याने वेल्डिंग सोपं जावं म्हणून उलटा ठेवून जोडला होता. मागचा धुरा त्यावर नेमका सरळ बसवला. मग सांगाडा सरळ केला. त्यामुळे धुरा उलटा झाला. विटांवर उभी असताना इंजिन लावलं होतं तेव्हा चाकं फिरली होती आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती कोणत्या दिशेने फिरत होती हे पाहायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"म्हणजे मागं जायले चार गियर," कुलदीप जमिनीकडे पाहत म्हणाला, "अन् पुढं जायले एक."

बापूजींना बोलायची ही आयुष्यातली सर्वांत चांगली संधी होती. घरचा इंजिनियर चुकला होता, ढळढळीत, बायको आणि मुलीसमोर. उर्वशीने डोळे मिटले.

"चार गियर मागं," बापूजी विचारपूर्वक म्हणाले. "कंपनीलेही जमलं नव्हतं हे."

कुलदीपने वर पाहिलं. बापूजी हसत नव्हते. ते खरंच कौतुक करत होते.

रिव्हर्सचा गियर टाकला की गाडी पुढे जात होती, तेव्हा तसंच जायचं ठरलं. शेडपासून गावच्या हातपंपापर्यंत कॉर्व्हेट सरळ नाकाने, म्हातारी बाई देवळात जाते त्या चालीने गेली. वाटेत लोकांनी नमस्कार केले. हातपंपाशी पोटातून खड्‌ असा आवाज आला आणि पुढे जायचा तो एकमेव गियर देवाघरी गेला.

समोर पोळ्याची गल्ली होती. एका हाताला शाळा, दुसऱ्या हाताला पिठाची गिरणी, दोहोंच्या मधे आंब्याच्या पानांचं तोरण, आणि टोकाला मारोती. दोन्ही बाजूंना सजवलेले बैल उभे होते. तोरणापाशी दादाराव वही घेऊन उभे होते आणि पहिल्या रांगेत एक रिकामी खुर्ची होती.

"संपलं," कुलदीप म्हणाला. "बापूजी, माह्यामुळं संपलं."

चोवीस तासांत तो बापाशी पहिल्यांदा थेट बोलला होता. ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"कायचं संपलं? मागं जाते ना?"

"जाते. पण मागचं दिसत कोठी आहे? तुमची ती पट्टी..."

"एका माणसाले दिसत नाही," बापूजी म्हणाले. "दोघं बसले तर?"

आठ-दहा जणांनी गाडी ढकलत फिरवली आणि तिची शेपटी गल्लीकडे केली. त्रेसष्टच्या कॉर्व्हेटला डिक्कीचं झाकण नव्हतं म्हणून हिलाही नव्हतं. मागे जायचं तर दोन सीटच्या फटीतूनच. आधी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बापूजी शिरले, मग साडेनव्वद किलोंचा कुलदीप. दोघं मागे तोंड करून मांडी घालून बसले, बापूजी एका काचेला, कुलदीप दुसऱ्या काचेला, मधे पट्टी. उर्वशीला समोरच्या काचेतून फक्त लांबलचक नाक आणि दूर जाणारा हातपंप दिसत होता.

"डावं घे!" बापूजी म्हणाले.

"उजवं घे!" कुलदीप म्हणाला.

"अबे, आपण उलटे बसलो ना. तिचं डावं म्हणजे आपलं उजवं."

"मी तिचंच सांगून राहिलो!"

"डावं-उजवं कोणी म्हणू नका," उर्वशी म्हणाली. "शाळेकडं का गिरणीकडं, तेवढं सांगा."

मग नीट जमलं. "थोडी गिरणीकडं." "बस. आता सरळ." "शाळेकडं घे, बैल हाय." "बापूजी, तुमच्या बाजूनं किती?" "हातभर. तुह्या?" "वीतभर. घे गिरणीकडं, बाई, घे." अर्धं जग एकाला दिसत होतं, अर्धं दुसऱ्याला, आणि ते इतक्या भराभर एकमेकांना सांगत होते की उर्वशीच्या जन्मापासून दोघांत मिळून एवढी वाक्यं झाली नव्हती. घुंगरमाळा वाजत होत्या. एका बैलाने काचेला नाक लावून बापूजींना पाहिलं; बापूजींनी त्याला नमस्कार केला.

तोरण वीस हातांवर आल्यावर कुलदीपचा आवाज खाली आला.

"बापूजी, एक सांगाचं होतं. कंपनीनं पुढच्याच वर्षी ही पट्टी काढून टाकली. चौसष्टले."

उर्वशीचा पाय ब्रेकवर गेला.

"थांबू नको, सरळ हाय," बापूजी म्हणाले. मग, "तुले कवा समजलं?"

"वीस वर्षं झाली. गॅरेजात कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर पाह्यलं."

"अन् काल? काल एवढा भांडला तवा काऊन नाही काढलं?"

कुलदीपने काचेतून बाहेर पाहिलं. "शाळेकडं घे थोडी," तो उर्वशीला म्हणाला. आणि मग बापाला, "कथा त्रेसष्टलेच संपते ना आपल्या घरी."

बापूजींनी पट्टीच्या पलीकडे हात घातला आणि त्याच्या पाठीवर ठेवला. "मले एकाहत्तरले समजलं," ते म्हणाले. "त्याच रद्दीवाल्यापाशी. म्या ते मासिक तिथंच ठेवून देल्लं."

उर्वशीने मनातल्या मनात हिशोब केला: आजोबांची चोपन्न, बाबांची वीस, तिची चार. घरात तीन माणसं मिळून अठ्ठ्याहत्तर वर्षं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती. तिला हसू आलं, आणि समोरचा हातपंप जरा पुसट दिसू लागला.

"तोरण!" दोघं एकदम ओरडले, आणि या वेळी दोघांना एकच दिसलं होतं.

आंब्याची पानं छपरावरून खडखडत गेली, दोरी पट्टीच्या कण्यावर ताणली आणि तुटली. बापूजींनी आतूनच, काच हादरेल अशा आवाजात, झडती म्हणजे पोळ्यात तोरणाखाली म्हणायचं कवन म्हटलं:

"सहा सिलिंडर थकले, आठ सिलिंडर आले,
खवस्यांचे बैल यंदा काचेचे झाले,
हर बोला, हर हर महादेव!"

सगळी गल्ली 'महादेव' म्हणाली. फक्त दादाराव म्हणाले नाहीत. ते वही उघडून पुढे आले.

"उलटी आली! जोडी तोंडानं येते. हे पाठीनं आले. चालणार नाही!"

"तोंड कोणतं?" देवकाबाईंनी विचारलं. त्या ओवाळायचं ताट घेऊन आधीच गाडीच्या शेपटीपाशी उभ्या होत्या.

"तोंड म्हणजे... जिकडं डोळे आहेत ते."

"मंग पाह्य."

दादारावांनी पाहिलं. पुढे दिवे पोटात लपलेले, त्यामुळे नाक आंधळं होतं. मागे दोन काचा होत्या, टपोऱ्या, मधे नाकासारखी पट्टी, आणि प्रत्येक काचेत एकेक माणूस डोळे वटारून पाहत होता. आणि त्या दोन डोळ्यांच्या वर, सकाळपासून, बाशिंग बांधलेलं होतं.

"आत्याबाई," सुचिता दबक्या आवाजात म्हणाली, "तुमाले सकाळीच माहीत होतं?"

"काय माहीत?" देवकाबाई म्हणाल्या. "बारा वर्षं झाले, मी याच बाजूले तोंड समजते." आणि त्यांनी दोन्ही काचांना कुंकू लावलं. सुचिताने न सांगता ताटाला हात लावला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दोघी एका बाजूला उभ्या होत्या.

दादारावांनी वही मागून पुढून चाळली. तोंडाची व्याख्या कुठेच नव्हती. त्यांनी सही केली आणि त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले.

गाडी मारोतीपाशी अडकली, कारण परत यायचं म्हणजे पुढे यायचं होतं. ती अजून तिथेच आहे. संध्याकाळी पुरणपोळ्या तिथेच नेल्या, गाडीच्या नाकावर मांडून सगळे जेवले, आणि हात धुतल्यावर बापूजींनी उर्वशीला कागद घ्यायला लावला. कुलदीप शेजारी बसून शब्द दुरुस्त करत होता.

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
कॉर्व्हेट बनवणारी कंपनी, अमेरिका.

विषय: मागच्या काचेतली मधली पट्टी पूर्ववत बसवण्याबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये सविनय निवेदन की, आपण सन १९६४ पासून सदर पट्टी मागचे दिसत नाही या कारणास्तव काढून टाकलेली आहे. एका माणसास मागचे दिसत नाही, हे अर्जदारांस मान्य आहे. तथापि त्यावर पट्टी काढणे हा उपाय नसून माणूस वाढवणे हा आहे. सदर उपाय मौजे रामाकोना, तहसील सौंसर येथे यशस्वी झाला असून त्यास पोळा समितीच्या अध्यक्षांची सही आहे. तरी सन १९६४ पासून आजतागायत विकलेल्या सर्व गाड्या परत बोलावून त्यांत पट्टी विनाविलंब बसवून द्यावी, प्रत्येक गाडीमागे एक बाप व एक मुलगा यांची सोय करावी, आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती पुढच्या पोळ्याच्या आत लेखी कळवावी, ही नम्र विनंती.

अर्जदार: बापूजी खवसे
सहअर्जदार: कुलदीप बापूजी खवसे (पट्टीस विरोध कायम ठेवून)